विषयपत्रिकेच्या आधी

सर्वसाधारण सभेच्या दुसऱ्या दिवशी जिल्ह्याच्या पानावर एक मथळा हमखास असतो : ‘शिक्षणाधिकारी धारेवर’. जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागात ज्यांनी नोकरी काढली, त्यांच्या घरी अशा कात्रणांची चळत सापडते. माझ्याही घरी आहे. वाचणाऱ्याला वाटतं, सदस्य आणि अधिकारी यांच्यात हाडवैर असणार. पण ज्या सभेत मला सगळ्यांत जास्त सुनावलं गेलं, त्या दिवशी सकाळी तेच सदस्य माझ्या दालनात चहा पिऊन गेले होते.

“साहेब, आज मी तुमच्यावर बोलणार,” ते म्हणाले. “गावची माणसं गॅलरीत बसणार आहेत. मनाला लावून घेऊ नका. पण उत्तर मात्र पक्कं द्या.”

त्यांचा विषय खरा होता. त्यांच्या मतदार गटातल्या एका दोनशिक्षकी शाळेतला एक शिक्षक कित्येक महिने तालुक्याच्या कार्यालयात प्रतिनियुक्तीवर होता. दुसरा एकटाच पहिली ते चौथीचे चारही वर्ग सांभाळत होता, शालेय पोषण आहाराच्या नोंदी ठेवत होता आणि वरून येणारे तक्ते भरत होता. मी गटशिक्षणाधिकाऱ्यांना तिथूनच फोन लावला. दुपारच्या आत प्रतिनियुक्ती रद्द झाल्याचं पत्र हातात आलं. सभेत ते सदस्य तावातावाने बोलले, बाक वाजवला, माझ्या विभागाची लक्तरं काढली. ते बसल्यावर मी उठलो आणि सांगितलं, “सन्माननीय सदस्यांनी निदर्शनास आणल्यानुसार प्रतिनियुक्ती आज रद्द केली आहे. संबंधित शिक्षक उद्या शाळेवर हजर होतील.” गॅलरीतल्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. मथळा दुसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणे आला. शिक्षकही ठरल्याप्रमाणे शाळेत आला.

याला कुणी संगनमत म्हणेल. मी म्हणणार नाही. त्या सदस्यांकडे गावाची खरी तक्रार होती, माझ्याकडे ती सोडवण्याचा अधिकार होता, आणि लोकांनी निवडून दिलेला माणूस बोलला की काम होतं, हे गावाला दिसणं आवश्यक होतं. सकाळी तो विषय कळला नसता, तर सभेत मी “माहिती घेऊन सांगतो” एवढंच बोलू शकलो असतो. मग त्या उत्तराचं अनुपालन पुढच्या सभेत. सर्वसाधारण सभा साधारण तीन महिन्यांनी होते. चार वर्गांची तीन महिने वाट लागली असती.

शिक्षणाधिकारी हा जिल्हा परिषदेच्या शिक्षण समितीचा पदसिद्ध सचिव असतो. पगार शासनाचा, गोपनीय अहवाल मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या, म्हणजे सीईओंच्या हातात, आणि उत्तरं द्यायची ती लोकनियुक्त समितीला. पहिल्यांदा या खुर्चीत बसणारा अधिकारी म्हणतो, नक्की मालक कोण? या घडणीला शंभर वर्षांचा इतिहास आहे. मुंबई इलाख्यात 1923च्या कायद्याने प्राथमिक शिक्षण स्थानिक संस्थांकडे गेलं आणि स्कूल बोर्डं आली. कारभार पाहणारा अधिकारी तेव्हा त्या संस्थांचाच नोकर होता. नेमणुका आणि बदल्या गटातटाच्या हिशेबाने होतात, अशा तक्रारी वाढल्या, तेव्हा 1938च्या दुरुस्तीने हा प्रशासन अधिकारी शासनाचा नोकर केला गेला. 1947च्या कायद्यातही ते तत्त्व राहिलं. विदर्भात जनपद सभा होत्या, मराठवाड्याची तऱ्हा आणखी वेगळी. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून 1961चा कायदा झाला आणि 1 मे 1962 रोजी राज्यभर जिल्हा परिषदा उभ्या राहिल्या, तेव्हा सगळीकडे एकच चौकट आली. मागे एवढे अनुभव होते, म्हणून बोर्डाला अधिकारी खिशात घालता येऊ नये आणि अधिकाऱ्याला बोर्ड टाळता येऊ नये, अशी ती घडवली गेली. ही ओढाताण कुणाच्या चुकीने उरलेली नाही, ती मुद्दाम ठेवलेली आहे, असं मी मानतो. तिच्यावर चिडणारे अधिकारी मी पाहिले आणि ते लवकर थकले.

या ओढाताणीचा सगळ्यांत तापलेला महिना म्हणजे मे. बदल्यांचा महिना.

2017च्या आधी बदल्या जिल्हास्तरावर समुपदेशनाने व्हायच्या. सेवाज्येष्ठतेची यादी भिंतीवर, समोर सभागृहात शिक्षकांची गर्दी, पडद्यावर रिक्त जागा, आणि माझ्या टेबलाच्या खणात लेटरहेडवरच्या शिफारशींचा गठ्ठा. ‘सदर शिक्षक माझ्या परिचयाचे असून त्यांची सोय व्हावी.’ अशी पत्रं सत्ताधाऱ्यांची येत, विरोधकांची येत, कधी एकाच जागेसाठी दोघांचीही येत. प्रत्येक पत्राला पोच द्यायची, कोणतंही पत्र फाडायचं नाही आणि कोणत्याही पत्रावरून यादीचा क्रम हलवायचा नाही, ही पद्धत मला एका जुन्या अधिकाऱ्यांनी शिकवली होती. त्याबरोबर त्यांनी आणखी एक गोष्ट शिकवली : पत्र देणाऱ्याला एकदा तरी विचारायचं, हाच माणूस का?

त्या विचारण्यातून कळलेली एक हकीकत मला फार मोलाची वाटते. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावरच्या शिक्षकाची बदली होऊ नये म्हणून तिथले सदस्य हटून बसले होते. कार्यालयातला सूर एकच होता, राजकीय दबाव. त्या शिक्षकाचा कार्यकाळ संपला होता, बदलीला तो पात्र होता, नियम स्वच्छ होता. मी सदस्यांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, “साहेब, तुम्ही एकदा पहिलीच्या वर्गात बसा, मग बोलू.”

गेलो. मुलांच्या घरची बोली पावरी. आम्ही पुरवलेलं पहिलीचं पुस्तक मराठीत. त्या शिक्षकाने पाड्यावर राहून पावरी शिकून घेतली होती. भिंतीवर त्याने हाताने लिहिलेले तक्ते होते, एका बाजूला पावरी शब्द, दुसऱ्या बाजूला मराठी. मुलं त्याच्याशी बोलत होती, प्रश्न विचारत होती, भांडत होती. आदिवासी पाड्यावरच्या पहिलीच्या वर्गात परका माणूस आला की मुलं गप्प होतात, हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांना यातलं अप्रूप कळेल. त्या सदस्यांचं शिक्षण फार झालेलं नव्हतं. पण हा माणूस गेला की वर्ग पुन्हा मुका होणार, हे त्यांना दिसत होतं आणि ते सांगायला त्यांच्याकडे आमची भाषा नव्हती. म्हणून ते ‘बदली करू नका’ एवढंच बोलत होते.

बदली मी थांबवली नाही. एकाची थांबवली असती तर दुसऱ्या दिवशी पन्नास जणांना तेच कारण सुचलं असतं, आणि त्यातली खरी किती हे कुणालाच सांगता आलं नसतं. पण समितीपुढे दोन गोष्टी ठेवल्या. पहिली, त्या तालुक्यात पावरी येणाऱ्या शिक्षकांची यादी करायची, आणि त्या पाड्यावरची जागा समुपदेशनात पडद्यावर येईल तेव्हा ती माहिती मोठ्याने जाहीर करायची. दुसरी, त्या शिक्षकाचे तक्ते सेसमधून, म्हणजे जिल्हा परिषदेच्या स्वतःच्या निधीतून, छापून आजूबाजूच्या शाळांना द्यायचे. ठरावाला सूचक तेच सदस्य होते. अनुमोदन विरोधी गटाने दिलं. समुपदेशनाच्या दिवशी त्याच भागातल्या एका तरुण शिक्षकाने ती जागा स्वतःहून मागून घेतली.

27 फेब्रुवारी 2017च्या शासन निर्णयाने हे सगळं बदललं. 2018मध्ये बदल्या संगणकावर झाल्या. शिफारशींचा गठ्ठा संपला, टेबलाखालच्या व्यवहारांच्या कहाण्या थांबल्या, आणि वर्षानुवर्षं डोंगरात अडकलेल्या कितीतरी शिक्षकांना पहिल्यांदा न्याय मिळाला. ते चांगलंच झालं आणि ते पुन्हा मागे जाऊ नये. शिक्षकांमध्ये मात्र ‘खो बसला’ हा शब्द रुजला. वरचा माणूस तुमची जागा मागू शकतो, मग तुम्ही विस्थापित, मग तुमचा खो आणखी कुणाला. सदस्य माझ्याकडे येऊन म्हणत, “आता आम्हाला विचारतंय कोण?” मी त्यांना सांगायचो, बदलीत विचारणार नाही, पण बदलीनंतर कोणत्या शाळेत काय कमी पडलं ते तुम्हीच सांगायचं आहे. जे सदस्य हे ऐकून शाळांवर जाऊ लागले, त्यांचे सभेतले प्रश्न दोन वर्षांत बदलले. आधी प्रश्नात शिक्षकाचं नाव असायचं, आता गणिताचा शिक्षक नसलेल्या सातवीच्या वर्गाचं नाव येऊ लागलं.

‘नाही’ म्हणण्याबद्दल थोडंसं. ते म्हणावंच लागतं. एकदा एक सदस्य एका पुरवठादाराला घेऊनच आले. शाळांसाठी टीव्हीसारखा संच, सेसमधून घ्यायचा, दर आधीच लिहिलेला. मी पुरवठादाराला बाहेर थांबायला सांगितलं आणि सदस्यांना तिथल्या तिथे म्हटलं की हे होणार नाही, खरेदीच्या नियमात हे बसत नाही, मी टिप्पणीत तसं लिहीन आणि कॅफो, म्हणजे मुख्य लेखा व वित्त अधिकारीही, तेच लिहितील. मग त्यांच्याच गटातल्या शाळांची यादी काढली. मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी नसलेल्या शाळा त्यात वेगळ्या दाखवल्या होत्या. ही कामं केली तर चालेल का, विचारलं. रागावून गेले. चार दिवसांनी यादी मागवून घेतली. नकार लवकर, समोरासमोर, कागदावर द्यावा आणि त्याच बैठकीत दुसरं खरं काम हातात द्यावं. सभागृहात, मतदारांसमोर नकार दिला की तो माणसाचा अपमान होतो आणि मग तो विषय पाच वर्षं मरत नाही.

आमच्या विभागात एक वरिष्ठ सहायक होते, निवृत्तीला आलेले. त्यांच्याकडे एक जाडजूड नोंदवही होती, ती त्यांनी कुणाच्या आदेशाशिवाय ठेवलेली. सभांच्या इतिवृत्तातून ते प्रत्येक प्रश्न गाववार उतरवून काढायचे. कोणी विचारला, कधी विचारला, काय आश्वासन दिलं, काय झालं. मी रुजू झालो तेव्हा त्यांनी ती वही माझ्यापुढे ठेवली आणि तीन पानांवर बोट ठेवलं. त्या तीन गावांचा एकच प्रश्न तीन वेगवेगळ्या कार्यकाळांतल्या सदस्यांनी विचारला होता. पक्ष वेगळे, माणसं वेगळी, प्रश्न तोच : ओढ्याला पाणी आलं की पलीकडच्या वस्तीची मुलं शाळेत येत नाहीत. दरवेळी उत्तर दिलं होतं, ‘बांधकाम विभागास कळविण्यात आले आहे.’ खरोखर कळवलं होतं. आम्ही तिन्ही गावांच्या सदस्यांना, बांधकामच्या कार्यकारी अभियंत्यांना आणि सभापतींना एका टेबलाशी बसवलं, वही उघडून दाखवली. एका ठिकाणी साकव झाला. एका ठिकाणी वस्तीवरच वर्ग भरवायची व्यवस्था झाली. तिसऱ्या ठिकाणी माझ्या काळात काहीही झालं नाही, आणि त्या सदस्यांनी मला दर सभेत तो प्रश्न विचारला, जो त्यांनी विचारायलाच हवा होता.

आता सभापतीताईंबद्दल. स्थानिक संस्थांमध्ये महिलांना 50 टक्के आरक्षण 2011मध्ये आलं आणि पुढच्या निवडणुकांत कितीतरी बायका पहिल्यांदा सभागृहात आल्या. आमच्या शिक्षण सभापती त्यांतल्याच. शेतकरी घरातल्या, बोलणं कमी. पहिले काही आठवडे त्यांच्या दालनात त्यांचे यजमान बसत, फाइल तेच वाचत, कर्मचारी त्यांनाच सभापती म्हणू लागले होते. कोणाशी वाद न घालता मी एक प्रथा सुरू केली. समितीच्या सभेआधी विषयपत्रिका त्यांना स्वतः समजावून सांगायची, फक्त त्यांना, कारण कायद्याने सचिवाचं नातं सभापतींशी आहे. “ताई, सही तुमची आहे, म्हणून विषयही तुम्हालाच माहीत हवा,” एवढंच म्हणालो. यजमान बाहेरच्या खोलीत थांबू लागले, मग हळूहळू शेतावर जाऊ लागले.

28 ऑगस्ट 2017 रोजी अहमदनगरजवळच्या निंबोडीत जिल्हा परिषद शाळेच्या वर्गाचं छत कोसळलं आणि तीन मुलं गेली. ती बातमी ज्या दिवशी आली, त्या दिवशी राज्यातला एकही शिक्षणाधिकारी जेवला नसेल. प्रत्येक जिल्ह्यात धोकादायक खोल्यांच्या याद्या निघाल्या आणि निर्लेखनाचे, म्हणजे खोली अधिकृतपणे मोडीत काढून पाडण्याचे, प्रस्ताव धडाधड तयार होऊ लागले. आमच्या समितीपुढेही मोठा गठ्ठा आला. मला वाटलं, पाच मिनिटांत मंजूर होईल. सदस्यांनी विरोध केला. अधिकाऱ्यांना तो हट्ट वाटला. मुलांचा जीव महत्त्वाचा की भिंती, असं एक अभियंता तडकून म्हणाले.

एक ज्येष्ठ सदस्य शांतपणे बोलले. “खोली पाडली की परत कधी बांधून मिळते, ते आम्हाला ठाऊक आहे. शाळेला खोली नाही म्हटलं की पालक पोरं काढून घेतात. पट घसरला की तुम्ही शिक्षक कमी करता. शेवटी शाळाच बंद. म्हणून आम्ही पडकी का होईना, खोली धरून ठेवतो.”

2011च्या ऑक्टोबरात राज्यभर पटपडताळणी, म्हणजे पटावरची मुलं प्रत्यक्ष मोजण्याची मोहीम, झाली होती आणि त्यानंतर पटाच्या एकेका आकड्याला गाव किती घाबरतं, हे आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं. त्यांची भीती पोकळ नव्हती. सभागृह गप्प झालं. आणि तेव्हा सभापतीताई, ज्यांनी आजवर ‘विषय मंजूर’ यापलीकडे इतिवृत्तात येईल असं काही म्हटलं नव्हतं, त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, “साहेब, खोली पाडायची तारीख या कागदात आहे. त्या दिवसापासून पोरं कुठं बसणार, ते कुठं लिहिलंय?”

आमच्या नमुन्यात तो रकाना नव्हता. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव होता, ग्रामपंचायतीचा होता, उपअभियंत्यांचा दाखला होता, जुन्या साहित्याचं मूल्यांकन होतं. मुलं कुठे बसणार हे नव्हतं. ताईंनी सांगितलं की हा रकाना भरल्याशिवाय मी एकही प्रस्ताव पुढे पाठवणार नाही, आणि अतिधोकादायक खोल्यांत मात्र उद्यापासून एकही मूल बसणार नाही, तो आदेश तुम्ही आजच काढा. दोन्ही वाक्यं एकाच दमात. मी आदेश त्याच संध्याकाळी काढला.

पुढचे काही पंधरवडे समितीचे सदस्य आपापल्या गटांत फिरले. कुठे समाजमंदिर मिळालं, कुठे मारुतीच्या देवळाचा सभामंडप, कुठे एका शेतकऱ्याने नवं बांधलेलं घर वास्तुशांत व्हायच्या आत शाळेला दिलं. कुठे काहीच मिळेना, तिथे दोन सत्रांत शाळा भरली. अधिकाऱ्याच्या पत्राने देवळाचा सभामंडप मिळत नाही, हे मी खात्रीने सांगतो. तो सदस्याने पुजाऱ्याशी आणि भावकीशी बोलूनच मिळतो. रकाना भरलेले प्रस्ताव सर्वसाधारण सभेत गेले तेव्हा चर्चेशिवाय मंजूर झाले. पत्रकारांना त्यात बातमी दिसली नाही. ज्या ज्येष्ठ सदस्यांनी विरोध केला होता, त्यांनीच पुढे जिल्हा नियोजन समितीत नव्या खोल्यांचा पाठपुरावा केला आणि निधी आल्यावर पहिली यादी कुणाच्या गटाची यावरून भांडणही केलं. त्यावर ताईंनी पट आणि पर्यायी जागेची अवस्था हे दोनच निकष लावले. त्यांचं स्वतःचं गाव यादीत खाली गेलं.

मार्च 2022मध्ये राज्यातल्या 25 जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि मुख्य कार्यकारी अधिकारीच प्रशासक झाले. प्रस्ताव ठेवणारा आणि मंजूर करणारा एकच. निवडणुका लांबत गेल्या. त्या काळात काम करणारे तरुण सहकारी मला सांगत, सर, फाइल्स किती भराभर निघतात, सभेच्या आदल्या रात्रीचं जागरण नाही, कुणी बाक वाजवत नाही. त्यांचं म्हणणं खरं आहे आणि त्यांतल्या अनेकांनी मनापासून चांगलं काम केलं. पण मी त्यांना विचारायचो, ओढ्याचा प्रश्न या वर्षी कुणी विचारला? प्रस्तावाचा नमुना वाचून त्यात कोणता रकाना नाही, हे कोण सांगणार? पालक तक्रार घेऊन सीईओंच्या दालनापर्यंत येत नाही. तो गटातल्या सदस्याच्या ओट्यावर जातो.

अशाच एका तरुण अधिकाऱ्याचा मध्यंतरी फोन आला. सभागृह पुन्हा भरलं तर सुरुवात कशी करायची, त्याला प्रत्यक्ष सभेचा अनुभवच नव्हता. मी त्याला म्हटलं, सत्काराचे हार वाळायच्या आत प्रत्येक सदस्याला त्याच्या गटातल्या शाळांची यादी पाठव. कुठे शिक्षक कमी, कुठे खोली धोक्याची, कुठे पाणी नाही, सगळं खरं लिही. तो म्हणाला, “सर, मग त्यावरूनच मला सभेत झोडपतील ना!”

“झोडपतील,” मी म्हटलं. “पहिल्या सभेच्या सकाळी चहाची सोय करून ठेव.”